शनिवारी बाबा येतो आणि पोरगी चप्पल फेकते

दादा, पत्र वाचलं. चाकणला नोकरी, शनिवारी रात्री साताऱ्यात घरी, सोमवारी पहाटे परत. साडेतीन वर्षांची लेक तुम्ही दारात दिसलात की आत पळते, उचलायला गेलं की लाथा मारते, मागच्या वेळी तर चप्पल फेकली, पण नवीन खेळणं मात्र हातातून ओढून घेते. तुमची आई म्हणते लाडावलीय, दोन दणके दे. आणि तुम्ही विचारताय, पोरीला मी नकोच झालोय का?

नको असता तर तिने एवढा राग केलाच नसता ओ! परक्या माणसावर कुठलं पोर असं चिडतं?

आईबापापासून लांब हॉस्पिटलात राहिलेल्या पोरांचा अभ्यास इंग्लंडात जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी फार पूर्वी, १९५० च्या आसपास केला होता, त्यात आई भेटायला आली की काही पोरं चक्क तोंड फिरवायची. तुमच्या घरी आई आहे, आजी आहे, त्यामुळे घाबरू नका, पण रुसवा त्याच जातीचा आहे. आणि एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की रडारड नको म्हणून ती झोपेत असतानाच मी निघतो. मला अख्ख्या पत्रात तीच खटकली. रात्री असलेला बाबा सकाळी गायब, मग तिने विश्वास ठेवायचा कशावर?

आता येताना खेळणी आणणं बंद करा. आल्या आल्या उचलायलाही जाऊ नका, हातपाय धुऊन खाली सतरंजीवर बसा, फोन दुसऱ्या खोलीत. तिची भातुकली असेल तर म्हणायचं, पाहुणा आलाय, चहा मिळेल का? नाही म्हणाली तर नाही, बसून राहायचं, येते ती हळूहळू. रविवारी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं असा खेळ, ज्यात ती मालकीण आणि तुम्ही नोकर. हा रंग कुठला, एक ते दहा म्हणून दाखव, असलं काही विचारायचं नाही (बापलोकांना ही फार खोड असते). ती करते ते नुसतं बोलायचं, "अरे वा, चहात चार चमचे साखर!" अमेरिकेत शीला आयबर्ग या बाईंनी १९७० च्या दशकात आईबापांना शिकवायची जी पद्धत बसवली त्यात हेच आहे, रोज पाच मिनिटं पोराच्या मागून खेळायचं, प्रश्न नाही, हुकूम नाही, टीका नाही. तुम्हाला रोज जमणार नाही, तर आठवड्यातले बाकीचे दिवस बायकोने पाच मिनिटं खेळावं.

आणि जाण्या-येण्याचाच खेळ करा. लपाछपी तर कराच, पण सोफ्याची एसटी करून तिला बाबा बनवा, तुमची ऑफिसची बॅग तिच्या खांद्यावर, तुम्ही बाळ होऊन रडा, "बाबा नको ना जाऊ!" ती खंबाटकी घाट ओलांडून जाईल, परत येईल, पुन्हा जाईल, वीस वेळा करायला लावेल, कंटाळा आला तरी करा, कारण खेळात जाणं तिच्या हातात असतं, एरवी ते तुमच्या हातात असतं. मग रविवारी रात्री खरंच सांगायचं, उद्या पहाटे बाबा जाणार, शनिवारी येणार. पहाटे हलकेच उठवून पापा घ्या. रडली तर रडू दे, बायको जवळ आहे.

चप्पल फेकली तर? हसण्यावारी नेऊ नका आणि दणकाही नको. हात धरायचा, एवढंच म्हणायचं, "मारायचं नाही, लागतं मला. फेकायचंय ना, मोजे फेक." मोज्यांचे गोळे करायचे, बादली ठेवायची, कुणाचे जास्त जातात बघू. तरीही मारलंच तर खेळ थोडा वेळ बंद, भाषण न देता. दणक्याने ती गप्प बसेल हो, पण पुढच्या शनिवारी अजून आतल्या खोलीत जाईल.

पहिले दोन-तीन आठवडे ती जास्तच चिडेल, बाबा खरंच बदललाय का ते बघणारच. आईंशी वाद घालू नका, त्यांनाही एसटीत बसवा, कंडक्टर करा. आणि एखाद्या शनिवारी येणं जमणार नसेल तर शुक्रवारीच स्वतः फोन करून तिला सांगा, बायकोकडून निरोप नको.