जास्त मागणीचा डेटा ब्रॉडकास्टमध्ये किती वेळा पाठवावा?

तुमचा प्रश्न असा: सर्व्हर एक, ऐकणारे मोबाईल असंख्य, उलट विनंती पाठवायची सोय नाही. मग ज्या डेटाला जास्त मागणी, तो मागणीच्याच प्रमाणात पुन्हापुन्हा पाठवावा का?

नाही. तसं केलं तर सरासरी थांबणं सगळं एकेकदा पाठवण्याइतकंच राहतं. प्रमाण ठेवायचं ते मागणीच्या वर्गमुळाचं. लांबी वेगवेगळी असेल तर मागणीला आधी लांबीने भागा, मग वर्गमूळ काढा.

समजा अ, ब, क, ड या सारख्या लांबीच्या चार तुकड्यांना 64, 16, 16 आणि 4 टक्के मागणी आहे. वर्गमुळं 8, 4, 4, 2, म्हणजे प्रमाण 4:2:2:1. सगळे एकेकदा पाठवले तर हवा तो तुकडा सुरू होईपर्यंत सरासरी 2 स्लॉट (स्लॉट म्हणजे एक तुकडा पाठवण्याचा वेळ) जातात. 16:4:4:1 केलं, वर अंतरंही अगदी समान धरली, तरी 2च. ‘अ ब अ क अ ब अ क ड’ या चक्रात मात्र 1.66.

आणि हेच नऊ स्लॉट ‘अ अ अ अ ब ब क क ड’ असे लावले तर 2.72! खरी गोम अंतरात आहे. मोबाईल मोठ्या अंतरातच जागा होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे थांबणं अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून प्रत्येक स्लॉटला सगळ्या तुकड्यांसाठी हे काढा: (शेवटचं पाठवल्यापासूनचा वेळ)² × मागणी ÷ लांबी. ज्याची किंमत सर्वांत मोठी, तो पाठवा. अंतरं आपोआप जवळपास समान पडतात.

बॅटरीसाठी इंडेक्स, म्हणजे कोणता तुकडा कधी येईल याची यादी, हवाच, नाहीतर रिसीव्हर सतत चालू राहतो. वरच्या रीतीने अख्खं चक्र आधी ठरवून गोठवा, तरच इंडेक्सला पुढची वेळ सांगता येते. चक्रात इंडेक्स किती वेळा घालायचा? डेटा ÷ इंडेक्स, त्याचं वर्गमूळ: डेटाचे 900 बकेट (प्रसारणाचे ठरावीक आकाराचे गठ्ठे) आणि इंडेक्सचे 9 असतील तर 10 वेळा. हे सूत्र एकेकदा पाठवण्यासाठीचं आहे. पुनरावृत्ती असेल तर इथून सुरुवात करून मोजून बदला. प्रत्येक बकेटमध्ये पुढचा इंडेक्स किती वेळाने येईल ते लिहा. मोबाईल एक बकेट वाचून झोपतो, इंडेक्सला उठतो, परत झोपतो, डेटाला उठतो.

घड्याळ सरकतं, म्हणून ठरल्या वेळेच्या किंचित आधी उठवा. वेळापत्रक फक्त चक्राच्या सीमेवर बदला आणि प्रत्येक बकेटमध्ये आवृत्ती क्रमांक ठेवा. मध्येच बदललंत तर झोपलेला मोबाईल चुकीच्या तुकड्याला उठेल.

मोबाईलच्या कॅशेतून (तात्पुरत्या साठ्यातून) काय काढायचं हे नुसत्या मागणीवर ठरवू नका. मागणी ÷ प्रसारणाची वारंवारता ज्याची सर्वांत कमी, तो तुकडा आधी काढा. वारंवार येणारा तुकडा हवेतून लवकरच परत मिळतो.