वराहाच्या पिल्लांचं दूध तोडल्यावर हगवण लागते, शिरूरला गोठा आहे. अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) द्यावं का?

द्या, पण आधी वय बघा. 28 दिवसांच्या आत दूध तोडू नका. आईपासून तुटलं की पिल्लू खाणं सोडतं आणि आतड्याची आतली लव झिजते. ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल त्या लवेच्या पेशींचं इंधन. खाद्यात साधारण 1 टक्का मिसळतात. थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल आतड्याच्या चिकट अस्तराला लागतं.

नुसती सोयापेंड वाढवू नका, न पचलेली प्रथिनंच हगवण वाढवतात. पेंड थोडी कमी करून लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं वरून द्या. प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

आपल्याकडच्या डिसेंबरच्या रात्री पिल्लांना फार बाधतात. कोरडा पेंढा आणि बल्ब लावाच. पिल्लं एकमेकांवर चढून झोपत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. हगवणीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.