भाव ‘मिळून’ ठरवले तर? व्यावसायिकांचे प्रश्न, स्पर्धा कायद्याची उत्तरे

प्रश्न : आमच्या फरसाण उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १ तारखेपासून किलोमागे २० रुपये वाढवायचं ठरलंय. तेल महागलं, सगळे छोटेच आहोत. यात गैर काय?

तेल महागलं म्हणून तुम्ही आपला हिशेब करून भाव वाढवलात तर काहीच गैर नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलंत की स्पर्धा अधिनियम, २००२चं कलम ३(३) लागतं, म्हणजे स्पर्धकांनी संगनमताने भाव ठरवायला असलेली मनाई. लेखी करार लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. या कलमाला उलाढालीची किमान मर्यादा नाही, त्यामुळे ‘आम्ही छोटे’ हा बचाव चालत नाही. दंड किती? कार्टेल (स्पर्धकांचं असं संगनमत) जितकी वर्षं चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतली मोठी रक्कम, इथपर्यंत. जबाबदार व्यक्तींना वेगळा.

ग्रुपवर गप्प बसून त्याच तारखेला भाव वाढवणं सगळ्यात वाईट. ‘मला हे मान्य नाही, माझे भाव मी ठरवतो’ असं तिथेच लिहा, स्क्रीनशॉट ठेवा, मग बाहेर पडा. काही डिलीट करू नका.

प्रश्न : टेंडरला तीन निविदा लागतात म्हणून ओळखीच्या दोन फर्मकडून ‘सपोर्टिंग’, म्हणजे नावापुरत्या, निविदा भरून घेतो. सगळेच करतात.

सगळे करतात म्हणूनच तपासणाऱ्यांना खुणा पाठ आहेत : एकच आयपी ॲड्रेस, लागोपाठ नंबरचे डीडी, तिन्ही निविदांत तीच स्पेलिंगची चूक. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९च्या टेंडरमध्ये धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोला नेमका ३८८ रुपये दर भरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र त्याच मालाच्या उलाढालीवर धरायला सांगितला. ती सवलत धरून बसू नका : २०२३च्या दुरुस्तीने कमाल मर्यादेसाठी ‘उलाढाल’ म्हणजे सगळ्या मालाची, जगभरातली.

प्रश्न : औषध कंपनी स्टॉकिस्टशिप द्यायला तयार आहे, पण केमिस्ट संघटनेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणा म्हणते.

गोव्यातल्या केमिस्ट संघटनेविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने (हा कायदा राबवणारी संस्था) २०१२मध्ये याच पद्धतीवरून आदेश दिला होता. एनओसीची अट ईमेलवर लिहून मागा. त्यावर आयोगाकडे माहिती दाखल करता येते. घटनेपासून ३ वर्षांच्या आत.

प्रश्न : आम्ही आधीच कार्टेलमध्ये आहोत. सुटका?

कलम ४६. पहिल्या येणाऱ्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला ३०. नंबर लागतो तो आयोगाशी संपर्क साधून ‘मार्कर’ (रांगेतल्या क्रमाची नोंद) मिळवल्यावर, त्यामुळे कागद जुळवत आठवडा घालवू नका. तेवढ्यात दुसरा पुढे जातो. आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांचा अहवाल आयोगाकडे पोचण्याआधी यायला हवं, सगळं सांगायला हवं आणि पुढे सहकार्य करायला हवं. अर्धवट सांगितलंत तर सूट जाऊ शकते, आणि तोवर तुमची कबुली आयोगाच्या हातात असते.