रेथिम्नोहून दक्षिण क्रीटची एक दिवसाची सहल: सासू-सासऱ्यांना झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर ग्रीसच्या क्रीट बेटावर जाताय, मुक्काम उत्तर किनाऱ्यावरच्या रेथिम्नोला, सोबत पासष्टी ओलांडलेले सासू-सासरे. घळई आणि समुद्रकिनारे दाखवणारी एका दिवसाची सहल गाइडबरोबर घ्यावी, की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण जावं? आणि समारियाची प्रसिद्ध घळई पायी जमेल का?

आधी सरळ उत्तर देते. समारिया त्यांना घेऊन करू नका. कूर्तालिओतिको घळई, मग प्रेवेली आणि दामनोनी हे किनारे असा दिवस करा, आणि तो छोट्या गाडीतल्या सात-आठ जणांच्या गटाबरोबर, स्थानिक गाइड घेऊन करा. मी स्टुटगार्टला राहते. क्रीटला दोनदा गेले. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर मोठ्या बसच्या सहलीने, दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन. आई तेव्हा चौसष्टची, बाबा सत्तरचे आणि त्यांचा उजवा गुडघा दुखरा. त्यामुळे तुमची काळजी मला नीट कळते.

समारियाबद्दल आधी, कारण सगळे तिचंच नाव सांगतात. सुंदर आहेच. पण ओमालोसच्या पठारावर सुमारे 1,230 मीटर उंचीवर चालायला सुरुवात होते आणि 16 किलोमीटरनंतर थेट समुद्रालाच पोचता. सगळा उतार, पायाखाली सुटे गोटे, पाच ते सात तास. उतार म्हटलं की सोपं वाटतं. राजगड चढताना दम लागतो, पण गुडघे बोलायला लागतात ते उतरताना, ते आठवा. मधेच थकवा आला तर गाडी बोलावता येत नाही, कारण तिथे रस्ताच नाही. खाली आयिया रुमेली गावातही रस्ता पोचत नाही, तिथून बोटीने सुया किंवा होरा स्फाकियोन या गावाला जायचं आणि मग बस. पाऊस किंवा फार ऊन असेल तर वनखातं ती बंदही ठेवतं. तुम्ही दोघंच जाल तेव्हा नक्की करा.

आता दक्षिणेच्या सहलीकडे. ही मला इतकी का आवडते, तर इथे घळई, खजुरीचं बन आणि समुद्र ही तीन वेगवेगळी ठिकाणं नाहीत. एकच नदी आहे. आधी ती डोंगर फोडून बाहेर पडताना दिसते आणि पुढे तीच तुमच्या पावलांवरून समुद्रात जाते. हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं. बस घळईत रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं थांबली, सगळ्यांनी फोटो काढले, पुढे निघालो. खाली उतरायला पायऱ्या आहेत हेही कुणी सांगितलं नाही. नंतर ऐन बारा वाजता प्रेवेलीला सोडलं आणि दीड वाजता वर हजर राहा म्हणाले. त्या उन्हात चढताना एक वयस्कर बाई पायरीवर बसून रडवेल्या झाल्या होत्या. आई-बाबांना आणायचं ठरलं तेव्हा मी पहिली गोष्ट ही केली, की वेळापत्रक विचारल्याशिवाय पैसे भरले नाहीत.

शाळेच्या भूगोलात नदीच्या खननकार्यात घळई शिकलो होतो, रांजणखळग्यांच्या शेजारी असलेली ती आकृती. कूर्तालिओतिको म्हणजे ती आकृती प्रत्यक्षात. साधारण तीन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, काही ठिकाणी 600 मीटरपर्यंत. रस्ता घळईच्या अंगावरून जातो, नदी खूप खाली. गाडीतून उतरलात की आधी वारा जाणवतो. उत्तरेचा वारा या चिंचोळ्या वाटेने दक्षिणेला उतरतो आणि वरच्या कपारींमधून टाळ्या वाजल्यासारखा आवाज येतो. घळईचं नावच त्या आवाजावरून पडलं असं तिथले लोक सांगतात. टोप्या हातात धरा, आणि जोराचा वारा असेल तर कड्याला चिकटून उभे राहू नका, वरून बारीक दगड येतात. वर आभाळात गिधाडं घिरट्या घालत असतात. बाबा त्यांच्याकडे मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यांच्या लहानपणी आमच्या गावाबाहेर दिसायची, आता दिसत नाहीत.

रस्त्यावरून पायऱ्या खाली आयिओस निकोलाओसच्या छोट्या चॅपेलकडे उतरतात. त्याच्याजवळ खडकातून झरे फुटतात. गोष्ट अशी सांगतात, की इथे राहणाऱ्या संताने तहानेच्या वेळी खडकावर हात टेकला आणि पाच बोटांच्या जागी पाच झरे आले. आमच्या गाइडने गोष्ट सांगितली आणि मग कारणही. हे डोंगर चुनखडीचे. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फाचं पाणी वर साठत नाही, खडकाच्या भेगांतून आत जिरतं आणि खाली अशा झऱ्यांमधून वर्षभर बाहेर येतं. म्हणून सप्टेंबरात, जेव्हा सगळं बेट वाळून पिवळं पडलेलं असतं, तेव्हाही ही नदी वाहती असते. आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी नद्या मार्चमध्येच आटतात. बाबांनी त्या पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला, इतकं गार. मग पुन्हा घातला आणि तसाच ठेवला.

ती गाइड, पन्नाशीची, जवळच्याच गावची. मी बाबांना "बाबा, जपून" म्हटलं तर ती थबकली. ग्रीकमध्येही वडिलांना "बाबा"च म्हणतात. त्यानंतर दिवसभर तीही त्यांना बाबाच म्हणत होती आणि प्रत्येक उताराला आधी तिचा हात पुढे यायचा. वाटेतल्या झुडपांची पानं ती चुरगळून आमच्या तळहातावर ठेवायची: रानातला ओव्यासारख्या वासाचा ओरेगानो, सेज, मालोतिरा नावाचा डोंगरी चहा. आईने तो मालोतिरा नंतर विकत घेतला, पुण्यात अजून सर्दीला काढा करते. मोठ्या बसमध्ये पन्नास माणसांत हे होणं शक्यच नाही.

घळईतून बाहेर आली की नदीला मेगालोस पोतामोस म्हणतात, म्हणजे मोठी नदी. वाटेत तिच्यावर एक कमानीचा दगडी पूल आहे आणि प्रेवेलीचा जुना, खालचा मठ पडक्या अवस्थेत दिसतो. वरचा मठ अजून चालू आहे. तिथे नक्की थांबा, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे ठेवा. 1941च्या मेमध्ये जर्मनांनी क्रीट घेतलं तेव्हा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे कितीतरी सैनिक बेटावरच अडकले. मठाधिपती आगाथांगेलोस लागूवार्दोस आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्यांना लपवलं, खाऊ घातलं, आणि त्या उन्हाळ्यात रात्रीच्या अंधारात पाणबुड्यांनी त्यांना याच किनाऱ्यावरून नेलं. त्याची शिक्षा खालच्या मठाला भोगावी लागली. रस्त्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे: एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला बंदूक घेतलेले मठाधिपती. झग्यातल्या साधूच्या हातात बंदूक पाहून आई गप्पच झाली. पुढे प्रेवेलीच्या वाळूवर पोचली तेव्हा पहिला प्रश्न तिने विचारला तो, "इथूनच नेलं का त्यांना?"

आता प्रेवेली, आणि तुमची खरी काळजी इथे आहे. गाडी वर थांबते. तिथून किनाऱ्यापर्यंत डोंगराच्या अंगावर खोदलेल्या पायऱ्या, खाली पंधरा-वीस मिनिटं. पर्वतीच्या 103 पायऱ्या तुमच्या सासूबाई चढतात का? इथे त्याच्या कितीतरी पट आहेत, पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, आणि सावली नाही. उतरणं सावकाश गेलं तर जमतं. प्रश्न वर येण्याचा आहे, आणि तो अकरा ते तीनच्या मधे येता कामा नये. आम्ही साडेनऊला उतरलो आणि अकराच्या आधी चढायला लागलो. बाबांनी प्रत्येक वळणावर थांबून, पाणी पिऊन, पस्तीस मिनिटं घेतली. गाइड त्यांच्या मागे एक पायरी खाली चालत होती. झेपलं. पण दुपारी झेपलं नसतं, हे मी खात्रीने सांगते.

सासऱ्यांना उतरायचंच नसेल तरी सहल वाया जात नाही. वरच्या कठड्यापासून सगळं एका नजरेत दिसतं: कड्यांमधून आलेली नदी, दोन्ही काठांना खजुरीचं हिरवं बन, मग वाळूमागचं तळं, आणि एका बारीक पट्ट्याने समुद्राला मिळणारं पाणी. किंवा जवळच्या प्लाकियास गावाहून उन्हाळ्यात बोटी थेट किनाऱ्याला लागतात, पायऱ्यांची भानगडच नाही. फक्त समुद्र खवळलेला असला की त्या सुटत नाहीत.

ती झाडं बघायला तरी कुणीतरी खाली जाच. ही क्रीटची रानटी खजूर, प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसच्या नावाची. आपल्या शिंदीची भावकी म्हणा ना, एकाच कुळातली. फळं लहान आणि तुरट, खाण्याजोगी नाहीत. 2010च्या ऑगस्टमध्ये इथे मोठी आग लागली आणि बन जवळजवळ सगळं जळालं. पण खोडं आतून जिवंत राहिली, मुळाशी पाणी होतं, आणि थोड्याच महिन्यांत काळ्या खोडांच्या शेंड्यांतून हिरवे कोंब आले. आम्ही खोडावर हात फिरवला तर बोटांना काजळी लागली, आणि डोक्यावर झावळ्या दाट होत्या. बनात तंबू ठोकू नका, खोडांवर चढू नका. नदीकाठच्या पायवाटेने थोडं आत जा, किनाऱ्यावरची गर्दी दहा मिनिटांत मागे पडते. आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे उभं राहा: एका पायाला घळईतलं गार पाणी, दुसऱ्याला समुद्राचं कोमट. आई साडी वर खोचून तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होती.

पोहण्यासाठी प्रेवेलीवर वेळ घालवू नका. वयस्कर मंडळींना पाण्यात उतरायचं असेल तर दामनोनी बरा: वाळू, उतार हळू, मागे सावलीची झाडं आणि खानावळी, गाडी जवळपर्यंत जाते. सप्टेंबरअखेर पाणी छान उबदार असतं. वारा असलाच तर दामनोनीच्या बाजूच्या छोट्या आम्मुदीत तो कमी लागतो. गोटे टोचतात म्हणून रबरी सँडल ठेवा.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई शाकाहारी असतील तर हे कामाचं आहे. ग्रीकमध्ये शाकाहारी माणसाला "होर्तोफागोस" म्हणतात, आणि "होर्ता" म्हणजे रानभाजी, उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ती मागाच. बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज घातलेला दाकोस, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ, वाटाण्यासारख्या डाळीची फावा, इतकं प्रत्येक खानावळीत मिळतं. उपासाचे पदार्थ असं लिहिलेलं दिसलं तर मात्र विचारून घ्या. त्यांच्या उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण ऑक्टोपस आणि शिंपल्या चालतात.

गाडी स्वतः चालवायची की नाही? भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, गाडी उजव्या बाजूने चालवायची, आणि घळईतल्या रस्त्यावर वळणं, वारा आणि समोरून येणाऱ्या बस असतात. जो चालवेल त्याला घळई दिसणार नाही. अंतर फार नाही, रेथिम्नोपासून प्रेवेली सदतीसेक किलोमीटर, तुम्हाला सवय असेल तर जमेल. पण चौघांनीही खिडकीबाहेर पाहावं असं मला वाटतं, म्हणून गाइड म्हणाले. आणि कुणी एलाफोनिसीची गुलाबी वाळू आणि तोपोलियाची घळई अशी सहल सुचवली तर ती रेथिम्नोहून घेऊ नका, एका बाजूलाच अडीच तासांच्या आसपास जातात. हानियाला मुक्काम असता तर गोष्ट वेगळी.

बुकिंग करताना फोन करून एवढंच विचारा: गटात किती जण, घळईत चॅपेलपर्यंत उतरायला वेळ मिळतो का, आणि प्रेवेलीच्या पायऱ्या किती वाजता चढायच्या आहेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर "दुपारी" असं आलं तर दुसऱ्याकडे जा. हल्ली दोन-तीन जण तरी सकाळी लवकर निघणारी सहल ठेवतात. पाणी माणशी दीड लिटर आणि मीठ-साखर वरूनच बरोबर घ्या, खाली मिळेल यावर राहू नका. आणि सासऱ्यांसाठी एक काठी. आम्ही ती विसरलो होतो, तेव्हा गाइडने गाडीतली स्वतःची मेंढपाळाची वाकड्या मुठीची काठी काढून बाबांच्या हातात दिली होती.