पवईला चार दिवस उतरणार आहोत. मुंबईची छोटी, गर्दी नसलेली संग्रहालयं कोणती पाहावीत?

तुम्ही लिहिलंय की तलावासमोरच बहिणीचं घर आहे, सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत आणि फोर्टातलं मोठं म्युझियम आधीच पाहून झालंय. मग मी तुम्हाला सगळ्यात आधी वडाळ्याजवळच्या आणिक आगारात पाठवेन. तिथे बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या बससेवेचं संग्रहालय आहे. मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी माणसांना ते माहीतही नसतं.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे या जागेवर माझा जरा जास्त जीव आहे. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 साली विजेची आली, 1926 साली पहिली बस धावली, 1937 साली डबलडेकर आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. हे सगळं पुस्तकातही वाचता येतं. पण तिथे ट्रामची आणि बसची छोटी मॉडेल्स बघताना, जुनी तिकिटं न्याहाळताना घरातली म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागतात. मी वडिलांना घेऊन गेले होते, तेव्हा ते तिकिटांच्या कपाटापुढून हलेनात. कुठल्या रंगाचं तिकीट किती पैशांचं, तिकीट टोचायच्या पंचाचा आवाज ऐकून गर्दीतही माणसं पैसे कसे पुढे करायची, सगळं सांगत राहिले. घरी कधी एवढं बोलले नव्हते. तुमच्या वडिलांनी तरुणपणी मुंबईत नोकरी केली असेल, तर त्यांना नक्की न्या. आधी फोन करून मात्र उघडं आहे का ते विचारा. आगाराच्या आतली जागा आहे, वेळा बदलतात.

दुसरं, भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 साली लोकांसाठी उघडलेलं हे घर तेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावाचं होतं. ज्या डॉक्टरांनी ते उभं राहावं म्हणून खस्ता खाल्ल्या, त्यांचं नाव त्याला मिळायला 1975 साल उजाडावं लागलं. खाली शिरताच छत आणि खांब पाहून डोळे दिपतात, पण तुम्ही थेट वरच्या मजल्यावर जा. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. राजेरजवाडे सोडून साध्या माणसांना काचेच्या कपाटात मानाने ठेवलेलं मला फार कमी ठिकाणी दिसलंय. मुंबईचे जुने नकाशे आहेत, तेही सावकाश बघा. तुम्ही पवईला राहणार आहात म्हणून मुद्दाम सांगते, या शहराला नळाचं पाणी 1860 साली तुमच्या शेजारच्या विहार तलावातून मिळालं. त्याआधी सगळा भार विहिरींवर आणि टाक्यांवर. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं तेव्हाची. तळी कधीच बुजली. पवई तलाव मागाहून, 1891 साली बांधला, पण त्याचं पाणी पिण्यासारखं राहिलं नाही. हे डोक्यात ठेवून नकाशा पाहिलात की बहिणीच्या खिडकीतला तलाव वेगळा दिसेल.

बाहेर आवारात दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. तो मूळचा घारापुरी बेटावरचा, याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, आणि पुढे 1914 साली तुकडे जुळवून इथे उभा केला. सांधे अजून दिसतात.

गावदेवीचं मणिभवन बहुतेकांना नावाने ठाऊक असतं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथेच उतरत. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना इथल्या गच्चीवरून अटक झाली. छोट्या बाहुल्यांनी मांडलेले त्यांच्या आयुष्यातले प्रसंग मुलांनाही कळतात. जिने चढायचे आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर खालचं ग्रंथालय पाहून बसता येईल.

दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृहही बघा. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी म्हणून बांधलं. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू आणि छायाचित्रं आहेत. चप्पल बाहेर काढून, हळू आवाजात बघायची जागा आहे ती.

वेळ उरलाच तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. नाण्यांची आवड नसेल तर सोडलंत तरी चालेल.

एका दिवसात दोनच ठेवा. राणीची बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतं, तो दिवस टाळा. भायखळ्यासाठी कांजूरमार्गहून सकाळी अकराच्या पुढची स्लो लोकल पकडा, आईंना बसायला मिळेल. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलात की राणीची बाग चालत दहा-बारा मिनिटांवर.