जावा सॉकेटवरून टेक्स्ट मेसेज नीट येतो, पण फाइल करप्ट होते. का?

तुमच्या कोडमध्ये एकाच सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या एकाच नेटवर्क जोडणीवरून, आधी फाइलचं नाव आणि साइज एका ओळीत जातात, मागोमाग फाइल. ओळ नीट येते, फोटो उघडत नाही. शिवाय लांब मराठी मेसेजमध्ये मधेच काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं.

फोटोचं आधी. ओळ वाचायला तुम्ही बफर्डरीडर (बाइटचा मजकूर करून ओळीओळीने देणारा जावाचा क्लास) लावलाय. रीडलाइन ओळीच्या शेवटाशी थांबतं, पण रीडर थांबत नाही. तो सॉकेटमधून एका दमात हजारो बाइट उचलून ठेवतो. त्यात फाइलची सुरुवातही जाते. नंतर तुम्ही थेट इनपुटस्ट्रीम (सॉकेटमधून कच्चे बाइट देणारा क्लास) वाचता तेव्हा फाइलचं डोकं गायब असतं, आणि साइज मोजत वाचणारा लूप कधीच न येणाऱ्या बाइटची वाट बघत अडकतो. या एका चुकीपायी मी दोन रात्री नेटवर्क तपासत बसलो होतो.

पोचलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. जेपीईजीची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी हवी. तिथे ईएफ बीएफ बीडी ही तिकडी (चौकटीतल्या त्याच प्रश्नचिन्हाचे बाइट) पुन्हा पुन्हा दिसली, तर वाटेत कुठेतरी फाइलची स्ट्रिंग केली गेलीय. ते मूळ बाइट परत मिळत नाहीत.

मराठी मेसेजचं कारण वेगळं. टीसीपीला (सॉकेटखाली डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलला) मेसेज कळत नाही, फक्त बाइटची धार कळते. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) 'क' म्हणजे ई० ए४ ९५ हे तीन बाइट. रीड जर ए४ पाशी तुटलं आणि तुम्ही तेवढ्याचीच स्ट्रिंग केलीत, तर 'क' गेला.

म्हणून रीडर पूर्ण काढा. दोन्ही बाजूंना डेटाइनपुटस्ट्रीम आणि डेटाआउटपुटस्ट्रीम, तेही प्रत्येकी एकच. मेसेजचे यूटीएफ-८ बाइट करा, राइटइंटने लांबी पाठवा, मग बाइट. पलीकडे रीडइंट, रीडफुली (मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत थांबणारं) आणि सगळे बाइट हातात आल्यावरच स्ट्रिंग. एन्कोडिंग दोन्हीकडे स्पष्ट लिहा. जावा १८च्या आधी डिफॉल्ट ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरायचं. स्ट्रिंग थेट पाठवणाऱ्या राइटयूटीएफचा मोह टाळा, त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम २१,८४५ चिन्हं.

फाइलची साइज राइटलाँगने पाठवा. लूपमध्ये रीडने जितके बाइट दिले तितकेच लिहा, अख्खा बफर नाही. आणि फाइल संपली म्हणून सॉकेटची स्ट्रीम क्लोज करू नका, सॉकेटही बंद होतं. फक्त फ्लश करा, म्हणजे बफरमध्ये उरलेले बाइट पुढे ढकला.