खुब्याचं हाड मोडल्यावर त्याचा रक्तपुरवठा टिकलाय का, हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय, भावाच्या खुब्यात स्क्रू टाकलेत, एक्स-रे 'नॉर्मल' आहे, मग डॉक्टर अजून काळजीत का? कारण साधा एक्स-रे उशिरा बोलतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा (जो खुब्याच्या खोबणीत बसतो) आतून मेला तरी एक्स-रेवर ते दिसायला कित्येक महिने जातात.

मुळात मोडलंय कुठे ते बघा. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य बारीक नसा हाडाच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागाला, चिकटून वर चढतात. मान मोडून तुकडे सरकले की त्याच ताणल्या किंवा तुटल्या जातात. मानेच्या खाली, ट्रोकँटरपाशी (मानेखालच्या हाडाच्या उंचवट्यापाशी) मोडलं असेल तर हा धोका फारच कमी. म्हणून पहिल्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा. हाड किती सरकलं होतं हे त्यावरच कळतं. (आपल्याकडे नेमका तोच हरवतो!)

लवकर ओळखायला एमआरआय सर्वात चांगला. स्क्रू स्टीलचे असतील तर चित्र बिघडतं, टायटॅनियमचे असतील तर कमी. स्क्रू कशाचे आहेत ते डिस्चार्ज कार्डावर बघा. एमआरआय जमत नसेल तर बोन स्कॅन (किंचित किरणोत्सारी औषध टोचून हाडाचं चित्र काढतात ती तपासणी).

किमान दोन वर्षं तपासणी चुकवू नका. बरं चालता चालता जांघेत दुखायला लागलं, मांडी आत वळवताना कळ आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.